विश्लेषण : पैसा नव्हे, माणूस पाठवणारी अमेरिकी संस्था! ‘पीस कोअर’चे विक्रोळीशी नाते काय?

अमेरिकेची परदेशी मदत म्हटली की ‘यूएसएड’ आठवते. २०२५ मध्ये ती गुंडाळली गेली. ‘पीस कोअर’ ही तिच्याहून वेगळी सरकारी संस्था. ती निधी वाटत नाही. प्रशिक्षित स्वयंसेवक पाठवते.

सुरुवात कशी झाली?

१ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आदेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. पहिली तुकडी ऑगस्टमध्ये घानात पोहोचली. तेव्हापासून १४० हून अधिक देशांत दोन लाख ४० हजारांवर स्वयंसेवक जाऊन आले. यजमान देशाने बोलावले तरच ते जातात. साधारण तीन महिने भाषा आणि कामाचे प्रशिक्षण, मग दोन वर्षे सेवा. पगार नाही, स्थानिक लोकांसारखे राहता येईल इतका भत्ता मिळतो. शाळेत शिकवणे, आरोग्य, शेती ही मुख्य कामे. वयाची किमान अट १८ वर्षे, कमाल अट नाही.

उद्देश विकासच आहे का?

कायद्यातील तीन उद्दिष्टांपैकी एकच कुशल मनुष्यबळाचे आहे. उरलेली दोन ओळखीची : जगाला अमेरिकी माणूस कळावा आणि अमेरिकी माणसाला जग. त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने गावात किती विहिरी खोदल्या, एवढ्यावरच या संस्थेचे माप काढणे अपुरे ठरते.

मग संशय का?

संस्था शीतयुद्धात जन्मली. हेरगिरीचा आरोप होणारच होता. म्हणून ‘सीआयए’त कधीही नोकरी केलेल्यांना येथे कायमची बंदी आहे. पण पहिला दणका बसला तो एका पोस्टकार्डाने. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातील इबादान येथे एका स्वयंसेविकेने तिथल्या राहणीमानाचे वर्णन मित्राला लिहिले. ते कार्ड विद्यार्थ्यांच्या हाती पडले, निदर्शने झाली आणि तिला परतावे लागले. पाहुणा मनात काय म्हणतो, हे यजमानाने वाचले होते.

विक्रोळीचा संबंध काय?

भारतात पहिले स्वयंसेवक १९६१ च्या अखेरीस पंजाबात आले. पुढे हजारो आले. शेती, कुक्कुटपालन, आरोग्य अशी कामे त्यांनी केली. त्यांत १९६६ मध्ये विक्रोळीला आल्या लिलियन कार्टर. वय ६८, पेशाने परिचारिका, पतीचे निधन झालेले. गोदरेज वसाहतीत त्यांना आधी कुटुंबनियोजनाचे काम मिळाले. ते फारसे रुचले नाही. मग त्या दवाखान्यात रमल्या. वाढदिवस १५ ऑगस्टचा. सत्तरी त्यांनी इथेच गाठली. त्यांचा मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियातला स्थानिक राजकारणी होता. तो अध्यक्ष झाल्यावर, फेब्रुवारी १९७७ मध्ये, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्कारासाठी लिलियनबाई भारतात आल्या, तेव्हा विक्रोळीलाही जाऊन आल्या.

भारतात ही योजना का थांबली?

१९७१ च्या युद्धात अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली. संबंध बिघडलेच होते. स्वयंसेवकांची संख्या घटत गेली आणि १९७६ मध्ये काम थांबले.

करोनानंतर काय?

मार्च २०२० मध्ये संस्थेने इतिहासात प्रथमच सर्व, म्हणजे सुमारे सात हजार, स्वयंसेवक एकाच वेळी माघारी बोलावले. दोन वर्षांनी ते हळूहळू परत निघाले. नेपाळमध्ये १९६२ मध्ये सुरू झालेले काम मधले खंड सोसूनही टिकले. भारतात मात्र पीस कोअर पुन्हा सुरू झालेली नाही.