निकट छायाचित्रण

लहान वस्तूच्या अगदी जवळ जाऊन, नुसत्या डोळ्यांना सहसा न जाणवणारे तिचे बारकावे दाखविणारे छायाचित्र घेण्याच्या तंत्रास निकट छायाचित्रण म्हणतात. ‘क्लोज-अप’ किंवा ‘मॅक्रो’ छायाचित्रण या नावांनीही ते ओळखले जाते. फिल्मवर वा विद्युत् संवेदकावर पडणारी प्रतिमा व प्रत्यक्ष वस्तू यांच्या आकारांचे गुणोत्तर म्हणजे विवर्धन होय. विवर्धन सु. १/१० ते १ असल्यास निकट छायाचित्रण, त्याहून अधिक असल्यास काटेकोर अर्थाने मॅक्रो छायाचित्रण आणि सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने घेतल्यास सूक्ष्मछायाचित्रण असे स्थूलमानाने विभाग करतात. या मर्यादा संकेताने ठरलेल्या आहेत. प्रौढ माणसाचा निरोगी डोळा सु. २५ सेंमी. अंतरावरून सु. ०·१ मिमी. इतकाच तपशील ओळखू शकतो. त्यापलीकडचे निसर्गातील पुष्कळसे वैचित्र्य या तंत्राने दृष्टीच्या आवाक्यात येते.

इतिहास : छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच सूक्ष्म वस्तूंचे चित्रण सुरू झाले. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकांनी १८४० च्या सुमारास सौर सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कीटकांच्या पंखांची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील शेतकरी विल्सन बेंटली (१८६५–१९३१) यांनी कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र मिळविले व पुढे अशी ५,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. जर्मन शिल्पकार व कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी विद्यार्थ्यांना आकृतिबंध शिकविण्यासाठी कळ्या, देठ व कोवळे कोंब यांची विवर्धित छायाचित्रे घेतली. त्यांचा संग्रह १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाइन्त्स किलफिट यांनी १९५५ मध्ये ३५ मिमी. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यासाठी खास मॅक्रो भिंग बाजारात आणले.

साधने : वस्तू जवळ आणली की तिची प्रतिमा भिंगापासून दूर पडते. म्हणून भिंग व फिल्म यांतील अंतर वाढवावे लागते. हे वाढीव अंतर केंद्रांतर व विवर्धन यांच्या गुणाकाराइतके असते. उदा., ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने वस्तूइतकीच मोठी प्रतिमा मिळविण्यासाठी ते आणखी ५० मिमी. पुढे सरकवावे लागते. याकरिता विस्तार नळ्या किंवा भाता वापरतात. भिंगावर पूरक बहिर्गोल भिंग बसविणे किंवा भिंग उलटे जोडणे हे स्वस्त उपाय होत. मॅक्रो भिंगात हीच सोय अंतर्भूत असून जवळच्या अंतरावरील प्रतिमा रेखीव यावी, अशी त्याची रचना असते.

अडचणी : भिंग पुढे सरकताच प्रतिमेवर पडणारा प्रकाश कमी होतो. विवर्धन १ असताना मूळच्या चौपट उद्भासन लागते. दुसरी अडचण क्षेत्राच्या खोलीची. ३५ मिमी. कॅमेऱ्यात छिद्रांक ८ असताना १/१० विवर्धनास सु. ५ सेंमी. खोलीचा भाग सुस्पष्ट येतो, पण विवर्धन १ झाले की तो जेमतेम १ मिमी. उरतो. छिद्र लहान केल्यास ही खोली वाढते; मात्र ते फार लहान केल्यास विवर्तनामुळे प्रतिमेची एकंदर स्पष्टता घटते. वाऱ्याची झुळूक वा हाताचा कंपही प्रतिमेबरोबर विवर्धित होतो. त्यामुळे तिवई, पसरट प्रकाश देणारा फ्लॅश व पहाटेची निवांत वेळ उपयोगी पडते. अंकीय कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर निरनिराळ्या अंतरांवर घेतलेल्या चित्रांतील सुस्पष्ट भाग संगणकाने एकत्र जोडण्याची पद्धत रूढ झाली. ती निश्चल वस्तूंनाच चांगली लागू पडते.

निसर्गनिरीक्षण : फुलपाखराला हात लावल्यावर बोटांना लागणारी भुकटी म्हणजे पंखांवर कौलांप्रमाणे रचलेले खवले होत, हे अशा छायाचित्रात दिसते. एकदांडीचे ‘फूल’ हे वस्तुतः अनेक पुष्पकांचे स्तबक असून मधली पुष्पके कडेकडून केंद्राकडे क्रमाने उमलतात. सकाळी गवतावर दिसणारे सर्वच थेंब दवाचे नसतात : दव पात्यावर सर्वत्र जमते, तर पात्याच्या टोकाशी किंवा कडेवर ठराविक जागी आलेले थेंब बिंदुस्रावाचे, म्हणजे वनस्पतीने स्वतः बाहेर टाकलेल्या पाण्याचे असू शकतात. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात व त्यांच्या मांडणीवरून कुल ओळखण्यास मदत होते. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे समोरचे मधले दोन डोळे ठळकपणे मोठे असतात. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्यात आढळणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षक वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकाचे चिकट थेंब व त्यांत अडकलेला कीटक हेही निकट छायाचित्रणाचे उत्तम विषय आहेत.

मर्यादा व दक्षता : छायाचित्रावरून जाती निश्चित करणे नेहमीच शक्य नसते, कित्येक कीटकांच्या बाबतीत जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. मापाविना विवर्धित चित्र आकाराविषयी दिशाभूल करते, म्हणून मोजपट्टीचे वेगळे चित्र किंवा विवर्धनाची नोंद, तसेच स्थळ, तारीख व आश्रयवनस्पती यांची नोंद ठेवतात. कीटक थंड करून सुस्त करणे, सुरवंट दुसऱ्याच झाडावर ठेवणे किंवा आड येणारी पाने तोडणे यांमुळे जीवाला इजा पोहोचतेच, शिवाय चित्र पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते. कारण त्यात दिसणारा प्रसंग निसर्गात घडलेलाच नसतो. जांभ्याच्या पठारांवरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. एका फुलासमोर आडवे पडताना आजूबाजूची बोटभर उंचीची शेकडो रोपे चिरडली जाऊ शकतात. अशा ठिकाणी नुकसान न होता घेता येत नसेल, तर ते छायाचित्र न घेणेच इष्ट होय.