आभाळातली पायवाट
ढगातून वाट काढणारं तंत्र आलं. आपल्या माळावरच्या पवनचक्क्या त्याच्या नकाशात आहेत का?

नेकनूर : बीडहून मांजरसुंब्याला यावं, तिथून केजच्या रस्त्याला लागावं, की नेकनूर येतं. बंकटस्वामींचा मठ आणि आठवडी बाजार यांमुळं गावाचं नाव जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक. या गावावरून रोज विमानं जातात. आभाळात पांढरी रेघ उमटते, पोरं मान वर करून बघतात, रेघ विरते, पोरं खेळायला लागतात. विमानाचा आणि आपला संबंध एवढाच. हेलिकॉप्टर खाली आलंच तर लोक ओळखतात, निवडणूक जवळ आली!

मग विमानाला वाट कोण दाखवतं, याची पंचाईत आपण कशाला करायची? पारावर कुणीही हे विचारील. पण सप्टेंबर २०२५ चा पाऊस आठवा. मांजरा, सिंदफणा दुथडी भरून वाहत होत्या. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात, पुरानं वेढलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं उचलून बाहेर काढावं लागलं. अशा वेळी रस्ता तुटलेला, पूल पाण्याखाली, होडी धारेला टिकत नाही. उरतं ते आभाळ. आणि नेमकं तेव्हाच आभाळ टेकलेलं असतं. ज्या दिवशी हेलिकॉप्टरची खरी गरज, त्याच दिवशी वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. गाठ आहे ती इथं.

डोंगर दिसला नाही की काय होतं?

याचं उत्तर आपल्या सह्याद्रीनं फार पूर्वीच दिलेलं आहे. १२ जुलै १९४९ रोजी के.एल.एम. या डच कंपनीचं विमान भर पावसात मुंबईत उतरू पाहत असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ माणसं गेली. पुढं ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलिटालिया या इटालियन कंपनीचं जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. वैमानिकाला वाटलं, मुंबई जवळ आली. त्यानं विमान खाली घ्यायला सुरुवात केली. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर लांब होती आणि वाटेत जुन्नर तालुक्यातला दावंड्याचा डोंगर उभा होता. विमानातले सगळे ९४ जण ठार झाले.

चौकशीत काय निघालं, ते नीट वाचण्यासारखं आहे. यंत्र बिघडलं नव्हतं. आपण कुठं आहोत याचा अंदाज चुकला, ठरवून दिलेली किमान उंची सोडली, आणि जमिनीवरच्या साधनांवरून जागेची खात्री करून घ्यायची ती घेतली नाही. मुलूख अनोळखी होता, रात्र होती. घाटात गाडी चालवणारा कोणताही ड्रायव्हर सांगेल, ही चूक कशी होते ते.

ही गोष्ट जुनी झाली म्हणून संपलेली नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर खराब हवेत गौरीकुंडजवळ कोसळलं. सात जण गेले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरूही होते.

जमिनीवरची यंत्रं आणि त्यांची अडचण

मोठ्या विमानतळावर धावपट्टीच्या टोकाला रेडिओची यंत्रं बसवलेली असतात. एक यंत्र डावं-उजवं सांगतं, दुसरं वर-खाली. त्या लहरींच्या आधारानं वैमानिक ढगातून नीट धावपट्टीच्या तोंडाशी येतो. सोय उत्तम, पण ती प्रत्येक धावपट्टीला वेगळी बसवावी लागते. तिला सपाट, मोकळी जागा लागते, वीज लागते, देखभालीला माणूस लागतो. डोंगराळ भागात लहरी कड्यांवर आपटून फसवतात. शिवाय पैसा. एवढा खर्च लहान धावपट्टीवर कोण करणार?

ही सोय नसली की काय होतं, ते शिर्डीला दिसलं. तिथलं विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यता इतकी घटली, की विमानं कित्येक दिवस बंद ठेवावी लागली. साईबाबांच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांनी गाड्या पकडल्या. शिर्डीत ते जमलं. पुरात अडकलेल्यानं काय पकडायचं?

पासंग लावणारा उपग्रह

यावर तोड निघाली ती उपग्रहाची. अमेरिकेत अलास्का प्रांतात जुनो नावाचं शहर आहे. चहूकडं डोंगर नि पाणी, बाहेरून शहरात येणारा रस्ताच नाही. तिथं १९९६ साली अलास्का एअरलाइन्सनं उपग्रहाच्या आधारानं डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं विमान उतरवायची पद्धत सुरू केली. ढगातून जाणारी ही पायवाट आधी कागदावर आखलेली असते. कुठं वळायचं, कुठं किती उंची ठेवायची, सगळं ठरलेलं. जमिनीवर यंत्र नसलं तरी चालतं.

आता कुणी म्हणेल, उपग्रह तर आमच्या मोबाईलमध्येही आहे. ऊसतोडीच्या ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा मोबाईलचा नकाशा बघून कारखाना गाठतो. खरं आहे. पण तोच मोबाईल कधी कधी आपल्याला शेजारच्या रस्त्यावर दाखवतो. आपण खिडकीतून बघतो, हसतो, पुढं जातो. ढगातल्या वैमानिकाला खिडकीतून बघायची सोय नाही. त्याला चूक किती आहे ते कळलं पाहिजे.

त्यासाठी भारतानं ‘गगन’ उभं केलं, इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण या दोघांनी मिळून. बाजारात तराजू खोटा असला की आपण पासंग लावतो, तसलाच हा प्रकार. देशात १५ ठिकाणी केंद्रं आहेत. आपलं नागपूर त्यांत आहे, शेजारचं गोवाही आहे. प्रत्येक केंद्राला स्वतःची जागा तंतोतंत माहीत असते. अमेरिकेच्या जी.पी.एस. उपग्रहांकडून येणारी जागा आणि खरी जागा यांत किती फरक पडला, ते तिथं मोजलं जातं. ती दुरुस्ती आपल्या जीसॅट उपग्रहांवरून विमानाला कळवली जाते. संदेश भरवशाचा नसेल तर ‘विसंबू नका’ असा इशाराही काही सेकंदांत जातो. आपल्या देशावरच्या वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यास्तानंतर फार खळबळ होते, लहरी वाकतात; त्यामुळं हे काम इथं जास्त अवघड होतं. ते साधलं. विमान उतरताना उंचीसुद्धा दाखवण्याची मान्यता ‘गगन’ला २१ एप्रिल २०१५ रोजी मिळाली.

त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या आधारानं उतरवण्यात आलं. १ जुलै २०२१ नंतर देशात नोंदल्या जाणाऱ्या विमानांना ‘गगन’ची साधनं असावीत, असा नियमही झाला.

आपल्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाची गोष्ट जून २०२३ ची. मुंबईच्या जुहूहून पुण्याला एक हेलिकॉप्टर ‘गगन’नं दाखवलेल्या वाटेनं आणलं गेलं. आशियातलं हे पहिलं प्रात्यक्षिक. ज्या सह्याद्रीनं एवढी विमानं खाल्ली, तोच ओलांडून! हेलिकॉप्टरच्या पद्धतीत आभाळातला एक नेमका बिंदू ठरवता येतो. उपग्रहाच्या आधारानं तिथपर्यंत यायचं. तिथून जमीन दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर आखलेल्या वाटेनं वर निघून जायचं. हट्ट करायचा नाही.

नकाशात नसलेली पवनचक्की

म्हणजे उद्या नेकनूरला पावसात हेलिकॉप्टर येणार का? एवढं सोपं नाही. उपग्रह जागा सांगतो, वाटेत काय उभं आहे ते सांगत नाही. ते माणसानं मोजून नकाशावर आणावं लागतं. डोंगर जागचा हलत नाही, एकदा मोजला की झालं. पण मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोद्याकडच्या माळावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या किती उभ्या राहिल्या ते बघा. मोबाईलचे मनोरे, विजेच्या उच्च दाबाच्या तारा वेगळ्याच. काल नसलेली पवनचक्की आज उभी आहे आणि ती नकाशात नाही, तर ढगातून येणाऱ्याला उपग्रह कसा वाचवणार?

म्हणून काम खाली, जमिनीवरच आहे. बालाघाटाच्या माथ्यावरच्या प्रत्येक उंच बांधकामाची जागा आणि उंची एका ठिकाणी नोंदली जावी. तालुक्याला एखादी तरी हेलिकॉप्टर उतरण्याची पक्की जागा असावी. सभेपुरती चुन्याची फक्की मारून केलेली नको, मोजून नकाशावर घेतलेली हवी. तिथं तारा नसाव्यात, बाभळी वाढू नयेत, आणि पाऊसकाळात तिथून रुग्णालयापर्यंतचा रस्ता सुरू असावा. या जागांच्या वाटा तज्ज्ञांनी आखाव्यात, त्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी असावी, आणि त्या वाटेनं यायचा सराव झालेले वैमानिक असावेत. उपग्रहाच्या लहरी क्षीण असतात, मुद्दाम अडवताही येतात, तेव्हा जुनी साधनं एकदम मोडीत काढणंही शहाणपणाचं नाही.

आणि शेवटी माणूस. १९६२ साली जमिनीवर साधनं होती, ती वापरली गेली नाहीत. किमान उंची ठरलेली होती, ती पाळली गेली नाही. पासंग लावलेला तराजू असला तरी काट्याकडं बघायला माणूस जागा पाहिजे.

‘गगन’चा संदेश या क्षणीही नेकनूरवर पडतो आहे, पैसा लागत नाही, तार लागत नाही. ग्रामसभेत एक विषय घ्यायला काय हरकत आहे : आपल्या शिवारात उंच काय काय उभं आहे त्याची यादी करून तहसीलला द्यायची, आणि उतरण्याच्या जागेचा एक सातबारा पुढं करायचा. पुढचा पूर यायच्या आत.