जखडलेली रिकीब

चारचौघांच्या गोंगाटात छान ऐकू येतं, शांत खोलीत मात्र समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. घरचे म्हणतात, ‘हिला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!’ हा आरोप फार अन्यायाचा आहे. ओटोस्क्लेरोसिस या विकाराचं ते नेहमीचं लक्षण आहे. गोंगाटात बोलणारे आपोआप आवाज चढवतात, म्हणून या रुग्णांना ते सोपं जातं. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, बहुधा विशी ते चाळिशीत जाणवतो आणि अनेकदा घराण्यात चालत येतो.

कानाच्या पडद्यामागे तीन हाडांची साखळी असते: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम ३ मिलिमीटर. आवाजाची थरथर आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवणं हे तिचं काम. तिच्या तळाशी नवं हाड वाढलं, की ती गंजलेल्या बिजागरीसारखी अडकते.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये कानाचे सर्जन सॅम्युअल रोझेन एका रुग्णाची रिकीब कितपत घट्ट बसली आहे हे चाचपून पाहत होते. कान तेवढा बधिर केलेला, रुग्ण जागा. चाचपताना हाड सुटलं आणि रुग्णाला तिथेच ऐकू येऊ लागलं! पण अशी सैल केलेली रिकीब अनेकांच्या कानात पुन्हा जखडायची. १ मे १९५६ रोजी मेम्फिसच्या जॉन शे यांनी मग ती काढूनच टाकली. त्यामुळे मोकळ्या झालेल्या आतल्या कानाच्या खिडकीवर शिरेचा पातळ तुकडा लावला आणि टेफ्लॉनची रिकीब बसवली.

आता अख्खी रिकीब काढावी लागत नाही. कानाच्या नळीतूनच पडदा उचलून, रिकिबीच्या तळाला मिलिमीटरहूनही लहान भोक पाडतात. त्यात बारीक कृत्रिम पिस्टन बसवून तो ऐरणीला अडकवतात. अनुभवी हातांत दहापैकी साधारण नऊ जणांचं ऐकणं चांगलं सुधारतं. पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा बहिरा होऊ शकतो, आणि डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. धोका नको असेल, तर श्रवणयंत्राचा उत्तम पर्याय आहे. शस्त्रक्रिया ठरलीच, तर आधी जास्त बिघडलेला कान निवडतात. दुसऱ्याचा विचार काही महिन्यांनी, पहिल्याचा निकाल पाहून.