यंत्रालाही वाचता येईल अशी दुकानाची पाटी

दुकान उघडले की पहिले काम पाटी लावण्याचे. गिऱ्हाईक पाटी वाचते, आत येते, भाव विचारते. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर ठिकठिकाणी पाट्या बदलल्या. परंतु आज पुष्कळसे गिऱ्हाईक रस्त्यावर येण्याआधी मोबाइलवर येते. तेथे आपली पाटी आधी शोधयंत्र वाचते, मग माणूस. यंत्राला आपली पाटी वाचता येते काय, हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात बसलेल्या कारागिराला हा विषय मुंबई-पुण्याचा वाटेल. पण समजा, रिसोडला कोणी घर बांधत आहे आणि त्याला लोखंडी गेट व खिडक्यांच्या ग्रील करून घ्यायच्या आहेत. तो मोबाइलवर मराठीत बोलूनच विचारतो. रिठदचा कारागीर त्याला दिसला नाही, तर दिसते ती दुकानांची यादी चालविणारी एखादी मध्यस्थ कंपनी. काम अखेर त्याच कारागिराकडे आले, तरी मधल्याची दलाली कोणाच्या तरी खिशातून जातेच.

आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने पैसे मोजून वेबसाइट करून घेतली होती. पान देखणे होते, रंग झकास होते. पण दुकानाचे नाव, पत्ता, फोन आणि कामांची यादी हे सारे एकाच मोठ्या चित्रात छापलेले! माणसाला ते वाचता येत होते. यंत्राच्या लेखी मात्र ते एक चित्र होते, आणि चित्रातली अक्षरे यंत्राने बरोबर उचलावीत याचा भरवसा धरता येत नाही. वर्षभर त्या वेबसाइटवरून एकही फोन आला नाही. आम्ही पान पाहिले तेव्हा कारण लक्षात आले.

अत्ताराचे खण

अत्ताराचे दुकान आठवा. भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येकावर चिठ्ठी: हिरडा, बेहडा, जेष्ठमध, सनाय. म्हातारा अत्तार गादीवर असेल तर त्याला चिठ्ठीची गरज नाही, तो वासावरून ओळखतो. पण नवखा नोकर चिठ्ठीवाचून हिरड्याच्या जागी बेहडा बांधून देईल. शोधयंत्र हा असाच नवखा नोकर होय. तो भारी चपळ आहे, पण पानावरचे दहा आकडे फोनचे आहेत की बिलाचे, 'बागवान' हे आडनाव आहे की धंदा, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते.

तो अंदाज टाळण्यासाठी पानाच्या आत ज्या चिठ्ठ्या लावतात, त्यांना स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. हे नाव, हा पत्ता, ही वेळ, अशी खणाखणांत मांडलेली माहिती. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू या तीन स्पर्धकांनी एकत्र येऊन चिठ्ठ्यांची एकच भाषा ठरविली. तिचे नाव स्कीमा डॉट ऑर्ग. रशियाची यांडेक्स कंपनीही त्याच वर्षी तीत सामील झाली. या चिठ्ठ्या लिहिण्याची जेसन-एलडी नावाची पद्धत वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये मान्य केली. गूगलही याच पद्धतीची शिफारस करते. तिचा मजकूर पानात एकाच जागी बसतो, दिसणाऱ्या पानाला हात लावावा लागत नाही आणि त्यासाठी कोणाला एक पैसाही फी द्यावी लागत नाही.

मराठीची अडचण, युक्रेनचा धडा

मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात. दोन ओळींच्या पानावर यंत्र भाषेत गफलत करू शकते. अशीच अडचण युक्रेनच्या व्यापाऱ्यांची आहे, कारण युक्रेनियन आणि रशियन या दोन्ही भाषांची लिपी सिरिलिक. तेथे १६ जुलै २०२२ पासून कायद्याने व्यावसायिक संकेतस्थळ आधी युक्रेनियन भाषेत उघडणे बंधनकारक झाले. बहुतेकांना दोन भाषांची पाने सांभाळावी लागली आणि एक साधी चूक वारंवार होऊ लागली. भाषेचा संकेत 'यूके' आहे आणि देशाचा 'यूए'. भाषेच्या जागी देशाचा संकेत लिहिला की यंत्राच्या दृष्टीने चिठ्ठी बाद.

मराठीचा संकेत 'एमआर', हिंदीचा 'एचआय', उर्दूचा 'यूआर'. वेबसाइट करणाऱ्याने हे बरोबर लिहिले आहे का, ते विचारून घ्यावे. मात्र केवळ संकेत लिहून भागत नाही. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखते. म्हणून पानावर मराठीची पूर्ण वाक्ये हवीत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी एकाच पानावर कोंबू नयेत. प्रत्येक भाषेचे पान वेगळे ठेवावे आणि ती पाने एकमेकांची भावंडे असल्याची खूण प्रत्येक पानात द्यावी. चिठ्ठीवरील शीर्षके इंग्रजीतच असतात. खणातला मजकूर मात्र मराठी पानावर मराठीतच भरावा.

जुन्या वेबसाइटवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राला ती रोमन अक्षरांची खिचडी वाटते. तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय पुढचे सारे कष्ट पाण्यात.

नाव एक, लिहिणे अनेक

आपल्याकडे दुकानाचे नाव मराठीत एक, उर्दूत एक आणि इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले असते. मोहम्मद, मुहम्मद, महंमद यांपैकी गिऱ्हाईक कोणते टाईप करील, सांगता येत नाही. यासाठी चिठ्ठ्यांमध्ये 'पर्यायी नाव' असा खण आहे. मुख्य नाव पाटीवर आहे तेच लिहावे आणि बाकीची खरोखर चालणारी रूपे या खणात टाकावीत. उर्दू नावही खुशाल द्यावे. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू राहण्यास हरकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. यंत्राच्या पाटीवर तर जागेची अडचणही नाही.

पत्त्याचे तसेच. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी जुन्या पाट्यांवर आणि बिलबुकांवर कोठे कोठे 'जि. अकोला' राहून गेलेले असते. तेच नेटवर चढले की एकाच दुकानाचे दोन पत्ते होतात. आपल्या जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण तर बोलके आहे. नुसते 'मालेगाव' म्हटले की नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव पुढे येते. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोड प्रत्येक आपापल्या खणात हवा. शिवाय दुकानाच्या दारात उभे राहून मोबाइलच्या नकाशावरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि तेही द्यावेत.

कागदावर काय लिहून द्यावे

वेबसाइट करणाऱ्या मुलाला पुढील गोष्टी कागदावर लिहून द्या. बाकीचे काम त्याचे.

१. पाटीवरचे नाव आणि पर्यायी नावे.

२. धंद्याचा प्रकार. बेकरी, फर्निचर, गाडी दुरुस्ती, इलेक्ट्रिशियन यांना स्वतंत्र खण आहेत. आपला नेमका धंदा यादीत नसेल तर 'स्थानिक व्यवसाय' हा सामान्य खण घ्यावा. दुसऱ्याच्या खणात घुसू नये.

३. पूर्ण पत्ता, आणि ९१ या देशाच्या संकेतासह फोन.

४. वेळ. प्रत्येक वाराची वेळ वेगळी देता येते आणि एका दिवसाचे दोन भागही करता येतात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद राहत असेल तर तसे लिहावे. रमजानची वेळ 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी देता येते. बंद दारावरून परतलेले गिऱ्हाईक पुन्हा येईलच असे नाही.

५. कोणकोणत्या गावांत काम करून देता.

६. मालाचा भाव ठरलेला असेल तर रुपयांत भाव, आणि माल शिल्लक आहे की नाही.

काम झाल्यावर गूगलच्या 'रिच रिझल्ट्स टेस्ट' या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकून पाहावा. चूक असेल तर ते दाखविते. ही तपासणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

ज्यांची वेबसाइट नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नये. गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते. तेथेही हेच खण भरायचे असतात. सुरुवात तेथून करावी, मात्र नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अक्षरशः सारखे असावेत.

खोटे माप चालत नाही

चिठ्ठ्या लावल्या की दुकान पहिल्या क्रमांकावर येईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. चिठ्ठी म्हणजे ओळख, शिफारस नव्हे. चिठ्ठी बरोबर असली तरी ती निकालात खास रूपात दाखविण्याची हमी गूगल देत नाही. नियमही बदलत असतात. दुकानाने आपल्याच पानावर स्वतःला दिलेले तारे दाखविणे गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केले. प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्या ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी व आरोग्यविषयक नामांकित संकेतस्थळांपुरत्या मर्यादित केल्या. हे जुने नुस्खे आजही कोणी नवे म्हणून विकत असेल, तर त्याला या तारखा सांगाव्यात.

आणखी एक नियम आमच्या वाचकांना परका वाटणार नाही. पानावर जे दिसत नाही ते चिठ्ठीत लिहायचे नाही. पानावर भाव पाचशे आणि चिठ्ठीत चारशे, असा प्रकार सापडला तर चिठ्ठ्यांचा फायदा काढून घेतला जातो. डब्यावर एक आणि डब्यात दुसरे, हे बाजारात जसे चालत नाही तसे येथेही चालत नाही.

गावातल्या कारागिराची ओळख त्याच्या हाताच्या कामाने झालेली असते आणि ती शेजारच्या दहा गावांत पोहोचलेली असते. अकराव्या गावचे गिऱ्हाईक मात्र यंत्राला विचारून निघते. यंत्राने सांगायचे काय, ते आपण आधी सांगून ठेवले नाही, तर ते दुसऱ्याचे नाव सांगेल. म्हणून या जुम्याच्या आत आपल्या दुकानाचे नाव मोबाइलवर एकदा मराठीत शोधून पाहा आणि जे दिसते ते पाटीशी ताडून पाहा. फरक सापडला तर कागद-पेन घेऊन वरची यादी भरायला बसा. अर्ध्या तासाचे काम आहे.