लंडनला निघालेलं वऱ्हाड आणि मॅनरिंगचा गोल्फ क्लब

१९६६ साली बीबीसीच्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’मध्ये तीन नट शेजारी शेजारी उभे राहिले. जॉन क्लीझ ताडमाड, रॉनी बार्कर मध्यम आणि रॉनी कॉर्बेट पाच फूट एक इंच. पहिल्याच्या डोक्यावर बोलर हॅट, दुसऱ्याच्या साधी फेल्ट हॅट, तिसऱ्याच्या कापडी टोपी. उंच माणूस उरलेल्या दोघांकडे खाली बघतो. मधला एकाकडे मान वर करून बघतो, दुसऱ्याकडे मान खाली घालून. बुटका नुसता वर बघत राहतो. ना कथानक, ना नेपथ्य. अख्ख्या देशातली उच्चनीच नुसत्या मानेच्या कोनातून दाखवून झाली आणि लोक हसले, कारण आपली मान कोणत्या कोनात असते हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं.

ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदाचं हे मला फार नवल वाटतं. प्रेम, भांडण, घरमालक, सासू हे सगळं तिथेही आहे, पण तळाशी बघावं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: हा माणूस कोणत्या थरातला, आणि आपण कोणत्या थरातले आहोत असं त्याला लोकांनी समजावं असं वाटतं? या दोन उत्तरांत जेवढं अंतर, तेवढा हशा.

तिकडे माणसाचा थर कपड्यांच्याही आधी तोंडातून कळतो. बर्नार्ड शॉनं १९१३ च्या ‘पिग्मॅलियन’मध्ये नेमकं हेच धरलं: फुलं विकणाऱ्या पोरीचे उच्चार बदला, लोक तिला सरदारघराण्यातली समजतील. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याचं ‘ती फुलराणी’ केलं, भक्ती बर्व्यांची मंजुळा घराघरांत पोचली आणि शॉचा हा खेळ मराठीत एका जागीही अडखळला नाही. लंडनमधल्या वर्गभेदावरचं नाटक पुण्या-मुंबईला इतकं चपखल बसावं, यात आपल्याबद्दलही काहीतरी कळतंच.

पण बीबीसीच्या विनोदात खालचा थर स्वतःच्या आवाजात बोलायला लागला तो जरा उशिरा. रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन हे कामगारवस्तीतले दोन तरुण क्षयरोगाच्या इस्पितळात एकमेकांना भेटले आणि तिथूनच विनोद लिहायला लागले. त्यांनी १९६२ मध्ये ‘स्टेप्टो अँड सन’ आणली. भंगार गोळा करणारा म्हातारा बाप आणि चाळिशीकडे झुकलेला मुलगा. मुलाला पुस्तकं, उंची वाइन, शास्त्रीय संगीत असलं काहीतरी हवं असतं, आणि बाप त्याला पुन्हापुन्हा भंगाराच्या अंगणात खेचून आणतो. ही मालिका किती बघितली जात असेल? १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे हॅरल्ड विल्सन बीबीसीच्या प्रमुखाकडे गेले आणि मतदानाच्या संध्याकाळी ‘स्टेप्टो’ लावू नका, पुढे ढकला, असं त्यांना पटवून आले. आपले मतदार टीव्हीसमोरून उठणारच नाहीत, ही त्यांना धास्ती! भंगारवाल्या बापलेकापुढे भावी पंतप्रधानाला हात जोडावे लागले, याहून मोठी पावती विनोदाला मिळत नाही.

या विनोदाचं इंधन काय, हे बघायचं तर ‘डॅड्स आर्मी’ बघावी (१९६८ ते १९७७). दुसऱ्या महायुद्धातली गावरक्षक तुकडी. कॅप्टन मॅनरिंग हा बँकेचा मॅनेजर, स्वतःच्या कष्टानं वर आलेला. त्याचा सार्जंट विल्सन हा बँकेतही त्याच्या हाताखालचा कारकून, पण उच्चभ्रू शाळेत शिकलेला, खानदानी. हुकूम मॅनरिंग देणार, आणि विल्सन मऊ आवाजात एवढंच विचारणार की साहेब, हे शहाणपणाचं आहे का? त्या मऊपणानंच मॅनरिंगचा जीव जातो. एका भागात विल्सनच्या नावामागे घराण्याचा किताब लागतो. लगेच गोल्फ क्लब त्याला सदस्य करून घेतो, ज्या क्लबच्या दारात मॅनरिंग वर्षानुवर्षं ताटकळलेला असतो. हुद्दा कमावता येतो, थर कमावता येत नाही. मॅनरिंग झालेल्या आर्थर लोचा तो लालबुंद चेहरा बघून हसू येतं आणि पोटात कुठंतरी दुखतंही.

बेसिल फॉल्टीचंही तेच. ‘फॉल्टी टॉवर्स’च्या १९७५ मधल्या पहिल्याच भागात हा हॉटेलवाला एका लॉर्डपुढे लोटांगण घालतो आणि कामगारी बोली बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तुच्छ लेखतो. लॉर्ड निघतो भामटा, आणि तो गिऱ्हाईक निघतो त्या भामट्याच्या मागावरचा पोलीस. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधली (१९९०) हायसिंथ तर आडनाव ‘बकेट’ असताना ते ‘बुके’ म्हणून सांगते, आणि बनियनवर हिंडणारा मेहुणा शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून आयुष्यभर धावत असते. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधला डेल बॉय सुटाबुटात बारच्या फळीवर ऐटीत रेलायला जातो, फळी उचललेली असते, आणि साहेब आडवे. या सगळ्यांना एकच भीती आहे, आपण पकडले जाऊ. मुखवटा सरकेल, बोलण्यात एखादा स्वर चुकेल, गावाकडचा कुणीतरी दारात उभा राहील. प्रेक्षक त्या क्षणाची वाट बघत असतो, आणि थोडा थोडा स्वतःच्या क्षणालाही भीत असतो.

आता १९७९ साल. त्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये ‘टू द मॅनर बॉर्न’ ही मालिका सुरू झाली. जुन्या वाड्याची मालकीण नवऱ्यामागे कर्जात बुडते, वाडा लिलावात जातो, आणि तो विकत घेतो किराणा दुकानांची साखळी चालवणारा एक नवश्रीमंत. बाई वाड्याच्या फाटकाजवळच्या छोट्या घरात राहायला जाते आणि तिथून दुर्बीण लावून त्याच्यावर नजर ठेवते. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोकांनी बघितला. देश थरांच्या या खेळात पुरता रमला होता.

त्याच वर्षी आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ उभं केलं. लेखक तेच, नट तेच, आणि पात्रं बावन्न. खेड्यातल्या घरातलं पोरगं गोऱ्या मुलीशी लग्न करतंय आणि सगळं गणगोत विमानात बसून लंडनला चाललंय. पुढे या प्रयोगाचे दोन हजारांहून अधिक खेळ झाले, परदेशांतही झाले, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ज्यांना नाट्यगृहाची पायरी कधी चढता आली नाही, त्यांच्यापर्यंत तो ऑडिओ कॅसेटमधून पोचला.

तंत्र म्हणून बघितलं तरी माणूस थक्क होतो. एक नट, आणि क्षणापूर्वी जो कर्ता पुरुष होता तो आता रुसलेली आत्या आहे, मग मान-पानावरून फुरंगटलेला पाहुणा, मग गोरी मेम. कपडे बदलायला उसंत नाही. बदलते ती आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग, मानेचा ताठा, कमरेतला बाक. क्लीझ-बार्कर-कॉर्बेट यांना तीन उंच्यांचे तीन देह लागले. देशपांडे सरांनी एकाच देहात बावन्न उंच्या बसवल्या.

पण खरी गंमत पुढे आहे. वरवर बघता हा विषय अगदी बीबीसीच्या पठडीतला. अडाणी खेडूत थेट साहेबाच्या देशात, साहेबाच्याच घरी सोयरीक करायला! हायसिंथच्या जागी बसवून बघा, तिला घेरीच येईल. विमानात, विमानतळावर, व्याह्यांच्या दारात पावलोपावली मुखवटा सरकायची भीती. आणि इथे? भीतीच नाही. वऱ्हाडातली माणसं जशी गावात तशी लंडनमध्ये. तोंडात तीच मराठवाडी बोली, डोक्यात तेच मान-पान, तेच रुसवे. आपण कमी आहोत हे त्यांच्या गावीही नाही, म्हणून त्यांना कुणी पकडू शकत नाही. ब्रिटिश विनोदाचं इंधनच काढून घेतलं, तरी गाडी भन्नाट पळते. हसू येतं ते दोन रीतींच्या टकरीतून, एकीच्या शरमेतून नाही. लंडनला जाऊन बुजायचं असतं हे या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि लेखकानंही सांगितलं नाही.

अर्थात हसणारा कोण, यावर बरंच अवलंबून आहे. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला त्या बावन्न जणांत आपला मामा दिसतो, आपली चुलती दिसते. तोच प्रयोग पुण्या-मुंबईत झाला की काही खुर्च्यांतलं हसू वरून खाली येणारं असणार, हे कबूल करायला हवं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथून पुढे मराठी राज्यात आला तेव्हा प्रमाण मराठीचा दाखला देणारं कार्यालय दूर पश्चिमेला आधीच थाटलेलं होतं. इथली बोली म्हणजे गावंढळ, असा शिक्का तयारच होता. देशपांडे सरांनी तो शिक्का पुसायची खटपट केली नाही. तो असलाच तर त्यांच्या पात्रांना तो दिसत नाही, एवढंच केलं. मला ही युक्ती मोठी वाटते. लगेच १९८० च्या फेब्रुवारीत गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मालवणी बोलीत आलं, मच्छिंद्र कांबळी उभे राहिले आणि त्या नाटकानंही लंडन गाठलं. महाराष्ट्राच्या दोन टोकांच्या दोन बोली एकाच सुमारास, कुणाचीही परवानगी न मागता, मुख्य रंगमंचावर येऊन बसल्या.

एका गोष्टीवर मात्र आपला विनोद गप्प असतो. ब्रिटिश लेखक थराचं नाव घेऊन विनोद करतात. आपल्याकडे थराच्या तळाशी जात आहे आणि टीव्हीवरचा विनोद तिचं नाव घेत नाही. ज्या विद्यापीठात देशपांडे सर शिकवत होते, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या काळात हे शहर ‘वऱ्हाड’ला पोट धरून हसत होतं, तो हाच काळ. नाट्यगृहात हसणारे आणि रस्त्यावर मोर्चात चालणारे नेहमी वेगवेगळेच होते, असंही मला वाटत नाही. बोलीवर हसता येतं, पोशाखावर हसता येतं. आडनावावर विनोद करायचा झाला की मराठी लेखक दोनदा विचार करतो. तो सभ्यतेपोटी करतो की भीतीपोटी, याचं उत्तर प्रत्येक लेखकाचं निराळं असेल.

टीव्हीवर आपण थरांची वाटणी सोय म्हणून करून टाकली आहे. दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आले, ते पुण्याचे मध्यमवर्गीय कारकून; त्यांच्या धांदलीवर आपण हसलो, पण ते घरचेच. मालिकांत मात्र पुढे ठरूनच गेलं की नायक प्रमाण मराठी बोलणार आणि शिपाई, हवालदार, स्वयंपाकीण ‘गावाकडचं’ बोलणार. ते नेमकं कोणत्या गावाकडचं, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. थोडं सातारी, थोडं वऱ्हाडी, वर एक ‘लई’. हिंदीत २००४ च्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’नं वर्गाचं नाव उघड घेतलं. तिथली माया सुनेला ऊठसूट मध्यमवर्गीय म्हणून हिणवते, म्हणजे हायसिंथ मुंबईत आली आणि वरच्या मजल्यावर राहायला गेली. अलीकडे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त गौरव मोरे ‘फिल्टर पाड्याचा बच्चन’ म्हणून प्रवेश करायचा. पवईतल्या वस्तीचा पत्ता त्यानं बिरुदासारखा मिरवला. तो प्रवेश बघताना मला ‘वऱ्हाड’मधली माणसं आठवतात. हाही लपवत नाही, म्हणून हाही पकडला जात नाही.

आणि औरंगाबादेतून मुंबईला गेलेला मकरंद अनासपुरे. त्याच्याआधी मराठवाडी बोली सिनेमात नायकाच्या मित्राची असायची. २००५ साली ‘कायद्याचं बोला’ आला. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, तेही याच शहराच्या नाट्यचळवळीतून वर आलेले. सिनेमा बेतला होता १९९२ च्या ‘माय कझिन विनी’ या अमेरिकी चित्रपटावर, ज्यात ब्रुकलिनच्या उच्चारात बोलणारा वकील दक्षिणेतल्या कोर्टात उभा राहतो आणि न्यायाधीशापासून सगळे त्याला हसण्यावारी नेतात. मराठीत त्या वकिलाच्या काळ्या कोटात अनासपुरे उभा राहिला, आपल्या त्याच गावरान हेलासकट. कोर्टात त्याच्या बोलण्याला हसतात, पडद्यासमोर आपणही हसतो. उलटतपासणी सुरू होते आणि साक्षीदार एकेक करून ढासळायला लागतात. बोली न बदलता तो खटला जिंकतो.