गुडघ्याच्या मापाचं विमान

हॉस्टेलच्या लोखंडी कॉटवर ज्यांचे पाय घोट्यापासून पुढे बाहेर लोंबकळतात, त्यांना हा लेख लगेच कळेल. बाकीच्यांनी तशा एखाद्या मित्राला शेजारी बसवून वाचावा. उंच माणसाला जग 'वा! काय उंची आहे' म्हणतं, पण एसटीची सीट, मेसचा बाक, वर्कशॉपमधलं लेथ, सगळं बनवलेलं असतं दुसऱ्याच कुणाच्या तरी मापानं. इथे फार तर गुडघे दुखतात. पण हीच गोष्ट एखाद्या छोट्या विमानात झाली तर?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या मामेभावामुळे. तो अमेरिकेत आयडाहो राज्यात नोकरीला आहे, उंची सहा फूट तीन इंच, वजन पंच्याण्णव किलो. खाजगी वैमानिकाचं लायसन्स त्याने घेतलंय आणि आता दोघा मित्रांबरोबर भागीदारीत डोंगरातल्या कच्च्या धावपट्ट्यांवर उतरणारं एक जुनं विमान घ्यायचंय. "तू मेकॅनिकलचा ना, मग जरा डोकं लाव," असं म्हणून त्याने विमानांची यादी आणि स्वतःची मापं पाठवली. त्या निमित्ताने मी जे वाचलं, आकडे मांडून पाहिले, ते इथे देतोय.

रान म्हणजे किती रान?

आयडाहोच्या मधोमध फ्रँक चर्च नावाचं प्रचंड अभयारण्य आहे. १९८० साली कायद्याने राखलेलं. आत मोटारीचे रस्ते जवळजवळ नाहीतच, पण नदीकाठी आणि डोंगरउतारावर जुन्या धावपट्ट्या मात्र आहेत. त्याच भागातली जॉन्सन क्रीक ही धावपट्टी प्रसिद्ध आहे. हिरवळीची, सुमारे ३,४०० फूट लांब, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० फुटांवर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच! लोक तिथे विमान उतरवतात, पंखाखाली तंबू ठोकतात आणि मासे पकडत बसतात. आणि ही तर सोप्यांपैकी एक. बाकीच्या काही ठिकाणी धावपट्टी आखूड, चढाची आणि दगडगोट्यांची असते.

अशा ठिकाणी टेलव्हील विमानं चालतात. म्हणजे दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली. नेहमीच्या विमानासारखं नाजूक पुढचं चाक नसल्यामुळे खड्ड्यात ते मोडायची भीती नाही, नाक वर असल्यामुळे पंखा दगडांपासून लांब राहतो. आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं 'पुष्पक' १९५८ साली पहिल्यांदा उडालं, ते टेलव्हीलच होतं आणि फ्लाइंग क्लबांतून अनेकांनी त्यावर धडे गिरवले.

पण याची एक खोड आहे. हातगाडी मागे ओढत नेली की निमूट सरळ येते, पुढे ढकलत नेली की भरकटते. टेलव्हील विमान जमिनीवर असताना या ढकललेल्या गाडीसारखं असतं. मुख्य चाकं पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. यावर इलाज एकच, तो म्हणजे वैमानिकाचे पाय. उतरल्यापासून थांबेपर्यंत रडरच्या पेडलवर ते सतत नाचत असावे लागतात.

आता इथे उंचीचा मुद्दा येतो. ज्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डला अडतोय, त्याचे पाय नाचणार कसे?

उंची एक नसते

आपण उंची एका आकड्यात सांगतो. विमानाला मात्र निदान तीन आकडे लागतात: बसल्यावर सीटपासून डोक्यापर्यंतची उंची, पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि खांद्यांची रुंदी. सहा फूट तीन इंचांची दोन माणसं घ्या. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. पहिल्याचं डोकं छपराच्या नळ्यांना लागेल, दुसऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. म्हणून 'हे विमान उंच माणसाला चालतं' असं कुणी म्हटलं तर पुढचा प्रश्न विचारायचा, उंच कुठे?

माझ्या भावाचे पाय लांब आहेत. एका जुन्या दोन सीटच्या विमानात तो बसला तेव्हा बसायला तसं व्यवस्थित वाटलं. पण स्टिक पूर्ण मागे आणि डावीकडे घ्यायला गेला तर ती मांडीला टेकून थांबली. शेवटचे दोन-तीन इंच मिळेचनात. आता टेलव्हील विमान तीनही चाकांवर एकदम उतरवताना आणि नंतर शेपूट जमिनीला दाबून धरताना स्टिक अगदी पोटापर्यंत मागे लागते, आणि बाजूचा वारा असेल तर ती वाऱ्याकडेही झुकवावी लागते. म्हणजे ज्या कोपऱ्यात स्टिकची सर्वात जास्त गरज, तिथेच मांडी आडवी!

मला वाटतं या सगळ्या विषयाचं सार इथे आहे. उंच वैमानिकाच्या बाबतीत 'कम्फर्ट' म्हणजे चैन नाही. विमानाच्या कंट्रोलला जेवढी चाल डिझायनरने दिली आहे, तेवढी पूर्ण चाल त्या माणसाला मिळते की नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रेकचंही तसंच. जुन्या कब विमानांत ब्रेक टाचेने दाबायचे असतात. पाय लांब आणि जागा कमी असली की गुडघा आधीच वर दुमडलेला असतो, त्यात रडर पूर्ण दाबलेला ठेवून टाच त्या छोट्या पेडलवर न्यायची म्हणजे योगासनच. पंजाने दाबायचे ब्रेक असलेलं विमान अशा माणसाला बरं.

डोळे आणि पंख

एक फायदाही आहे बरं का. जमिनीवर टेलव्हीलचं नाक वर असतं, त्यामुळे ठेंगण्या माणसाला पुढचं दिसतच नाही, तो नागमोडी चालवत बाजूने डोकावत जातो. उंच माणसाला नाकावरून थोडं जास्त दिसतं. पण ही सगळी विमानं वर पंख असलेली. लांब धडाच्या माणसाचे डोळे थेट पंखाच्या पातळीला येतात, आणि बाजूला पाहिलं की दरीऐवजी पंखाची कड दिसते. मग तो मान वाकवून बसतो. अर्धा तास ठीक, दोन तासांनी मानेचं काय होतं ते सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याला कळतंच.

आणखी एक गोष्ट पट्ट्याची. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचा मागचा खिळा खांद्याच्या पातळीत किंवा थोडा वर असावा. उंच माणसाच्या बाबतीत तो बराच खाली राहिला तर धडक बसल्यावर पट्टा माणसाला मागे धरायच्या ऐवजी खाली दाबतो, आणि तो भार मणक्यावर येतो. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं, बसूनच पाहावं लागतं.

यादीतली विमानं

पहिलं अर्थातच पायपर कब. १९३० च्या दशकाच्या शेवटी आलेलं जे-३ कब एकट्याने चालवायचं तर मागच्या सीटवरून चालवतात, कारण पेट्रोलची टाकी पुढे नाकात आहे आणि तोल मागच्या सीटवरूनच जमतो. गंमत म्हणजे लांब पायांना ही मागची सीट बरी, पुढची फार अडचणीची. १९४९ साली आलेल्या सुपर कबमध्ये टाक्या पंखात गेल्या आणि चालक पुढे आला. पुढे त्यात १५० अश्वशक्तीचं इंजिन आलं. अलास्कात ३१ इंची फुगीर टायर लावून ही विमानं नदीच्या वाळूवर उतरतात. कर्तबगारीत तोड नाही, पण केबिन अरुंद. अलीकडे कबक्राफ्टर्स कंपनीने याच घडणीवर कार्बन कबसारखी रुंद केबिनची विमानं काढली. किंमत मात्र ऐकूनच सोडून द्यावी अशी.

दुसरी जात स्काउट आणि हस्कीची. हीही एकामागे एक बसायची. स्काउट १९७४ चं, सिटाब्रियाचं मोठं भावंड. (सिटाब्रिया हे इंग्रजी नाव उलटं वाचलं की 'एअरबॅटिक' होतं. नाव ठेवणारा नक्की हॉस्टेलवाला असणार!) हस्की १९८७ साली बाजारात आलं. दोघांनाही १८० अश्वशक्तीची इंजिनं. एकामागे एक बसण्याचा फायदा हा की माणूस बरोबर मध्यरेषेवर असतो, दोन्ही बाजूंना सारखं दिसतं आणि कोपरांना शेजारी नसतो.

तिसरी जात शेजारी-शेजारी बसायची. सेसना १८० (१९५३ ते १९८१) आणि मौल. इथे सीट रुळावर पुढे-मागे सरकते, हे उंच माणसाला वरदानच. पण जुन्या सेसनांत सीटची खीळ रुळातून निसटून ऐन टेक-ऑफला सीट मागे सरकल्याचे प्रकार झाले, म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने रूळ आणि खिळा तपासण्याचा आदेश काढला. उंच माणूस सीट शेवटच्या भोकांत अडकवतो, त्याने तर ती हलवून पाहिल्याशिवाय थ्रोटलला हातही लावू नये.

चौथा मार्ग आपल्या लोकांना आवडेल असा, स्वतः बनवायचं. किटफॉक्स, रॅन्स एस-७, बेअरहॉक अशी विमानं सुट्या भागांत मिळतात. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं की अमेरिकेत त्याची 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंद होते. कारखान्यातल्या प्रमाणित विमानाची सीट हलवायची तर मंजूर केलेला आराखडा लागतो. स्वतः बांधताना सीटचा तळ खाली घेणं, पेडल पुढे नेणं हे आधीच ठरवता येतं. फक्त मूळ डिझायनरला विचारून, कारण पुढचा हिशोब.

एक छोटंसं गणित

समजा सीट साडेसात सेंटिमीटर मागे नेली. माणूस ९५ किलोचा, भरलेलं विमान ७५० किलोचं. मोमेंट काढा: ९५ गुणिले ७.५ म्हणजे ७१२.५. भागिले ७५०. गुरुत्वमध्य जवळजवळ एक सेंटिमीटर मागे गेला. आकडा चिल्लर वाटतो, पण अशा विमानात गुरुत्वमध्याला फिरायला मुळात काही इंचांचीच मुभा असते. त्यात मागच्या सीटवर मित्र आणि त्याच्या मागे तंबू! आणि गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी ती ढकलगाडी जास्त भरकटणार.

वजनाचं बघा. सुपर कबला एकूण ७९४ किलोची मर्यादा. मोठी चाकं वगैरे लावून रिकामं वजन ५०० किलोच्या आसपास धरू. उरले २९४. भाऊ ९५, मित्र ८०, भरलेल्या टाक्यांतलं पेट्रोल ९८. बेरीज २७३. सामानाला उरले २१ किलो. आणि उन्हाळ्यात जॉन्सन क्रीकला ३० अंश तापमान असलं तर हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण जवळजवळ ७,९०० फुटांवर आहोत. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून अडीच हजार फूट वर! इंजिनाचा दम कमी, पंखांची पकड कमी, धावपट्टी तेवढीच. म्हणून रुंद केबिन मिळाली तरी ती स्वतःचं वजन घेऊन येते, हेही विसरायचं नाही.

बसून बघायची परीक्षा

शेवटी मी भावाला ही यादी करून पाठवली:

१. नेहमीचे बूट, हेडफोन आणि थंडीचं जाकीट घालून बस. हेडफोनचा पट्टाही इंचभर जागा खातो.

२. स्टिक चारही कोपऱ्यांत शेवटपर्यंत ने. मांडी हलवावी लागली तर नापास.

३. एका पायाने रडर पूर्ण दाब आणि त्याच पायाने ब्रेक लाव. मग दुसऱ्या पायाने. स्टिक पोटाशी ठेवून परत तेच.

४. पट्टे आवळून वरच्या नळ्यांपासून डोकं किती लांब ते हाताने मोज. चार बोटं तरी हवीत.

५. शेपूट जमिनीवर असताना आणि शेपटीखाली आधार देऊन विमान आडवं केल्यावर, दोन्ही वेळा काय दिसतं ते पाहा.

६. पाऊण तास तसाच बसून राहा. पहिल्या पाच मिनिटांत सगळीच विमानं छान वाटतात.

७. मग झटकन बाहेर पड. अडकलास तर तेही लिहून ठेव.

या परीक्षेत भावाकडून दोन विमानं तिथल्या तिथे बाद झाली. त्यातलं एक त्याला सर्वात आवडलेलं होतं, त्यामुळे दोन दिवस त्याचा फोन नव्हता. आता सेसना १८० आणि स्काउट अशी दोन नावं उरली आहेत. तिघं भागीदार वेगवेगळ्या उंचीचे, म्हणून सरकत्या सीटचं सेसना मला जास्त पटतं. पण ते मोठं आहे, पेट्रोल जास्त पितं आणि खिशालाही जड आहे. एकट्या-दुकट्याने फिरायचं तर स्काउट. निर्णय त्याचा, पाय त्याचे.

मित्रांनो, पुढे आपण कुणी ट्रॅक्टर डिझाइन करू, कुणी बसची सीट, कुणी क्रेनची केबिन. ड्रॉइंगमध्ये आपण चालक म्हणून एक ठोकळ माणूस बसवतो आणि पुढे जातो. त्या ठोकळ माणसाला गुडघे असतात, तो बूट घालतो, थंडीत जाकीट घालतो आणि अडचणीच्या क्षणी त्याला लिव्हर शेवटपर्यंत ओढायचा असतो. तो लिव्हर त्याच्या मांडीला अडतो का, एवढं ड्रॉइंगवर सही करण्याआधी स्वतः बसून बघा.