बेअरिंग बिचारं काय करणार?

'मिसअलाइनमेंट' हा शब्द आपण मेकॅनिकलवाले पाठ करतो, पाच मार्कांना लिहितो आणि विसरतो. मला तो खरा कळला उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्या माधवनगरातल्या एका मिस्त्रीकाकांच्या शेडमध्ये. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी!)

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की नदीकाठी मोटारी वर काढायची धावपळ सुरू होते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना हे सांगायला नकोच. पाणी उतरलं की मोटार पुन्हा जागेवर बसवतात. सगळी गोम इथेच आहे.

असेच एक शेतकरी मामा आले. एका हंगामात पंपाचं तिसरं बेअरिंग गेलेलं, तिकडे ऊस वाळायला लागलेला. "बेअरिंगच डुप्लिकेट मिळतंय," मामा वैतागून म्हणाले. काका जागेवर गेले, मीही गेले. कपलिंगचे रबरी बुश एकाच बाजूने झिजलेले, खाली काळा भुगा. काका म्हणाले, "बेअरिंग बिचारं काय करणार? मोटारीचं तोंड एकीकडं, पंपाचं दुसरीकडं!"

मोटारीचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका सरळ रेषेत हवेत. चूक दोन प्रकारची असते : एक शाफ्ट दुसऱ्यापेक्षा वर-खाली किंवा बाजूला असतो, नाहीतर तिरका असतो. बऱ्याचदा दोन्ही. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तितक्या वेळा कपलिंग शाफ्टला ओढतं आणि तो भार बेअरिंगवर येतो. 'रबर आहे की, सांभाळून घेईल' हा गैरसमज. रबर थोडंच सांभाळतं, बाकीचं बेअरिंग सोसतं.

काकांची पद्धत अशी. आधी मेन स्विच बंद, फ्यूज खिशात. बोल्ट सैल करून मोटारीचे चारही पाय बेसवर नीट टेकतात का ते पाहायचं. पाइप पंपाला ओढत नाही ना, हेही पाहायचं. मग कपलिंगच्या दोन्ही भागांवर पट्टी धरायची आणि मधली फट फीलर गेजने मोजायची : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. फरक असेल तर पंप हलवायचा नाही. मोटारीच्या पायाखाली पातळ पत्र्याची शिम घालायची किंवा मोटार बाजूला सरकवायची. बोल्ट आवळून पुन्हा मोजायचं, कारण आवळताना मोटार हलते. डायल गेज असेल तर उत्तमच.

होस्टेलच्या टाकीसारखा छोटा मोनोब्लॉक पंप यातून सुटतो, कारण तिथे मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असतात.

हेच तत्त्व बोटीतही दिसतं. महापुरात आलेल्या रबरी बोटींचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं. पण व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये आणलेल्या स्टर्नड्राइव्ह प्रकारात इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा भाग बाहेर असतो. मधला शाफ्ट बोटीच्या मागच्या भिंतीजवळच्या बेअरिंगमधून जातो. हे बेअरिंग बदललं की शाफ्टच्या मापाचा एक लांब दांडा त्यातून इंजिनच्या कपलिंगमध्ये घालून बघतात. हाताने अलगद सरकला तर ठीक. अडला तर पुढच्या माउंटचे नट फिरवून इंजिन वर-खाली करतात. दांड्याच्या टोकाला ग्रीस लावलं की खाचांचे ठसे चारी बाजूंनी सारखे उमटायला हवेत. ते बेअरिंग आपल्या घरात थोडं कलू शकतं, म्हणून दांडा ठोकून घातला तर तो जाईलही. पण इंजिन वाकडंच राहील!

थोडक्यात, बेअरिंग गेलं तर नवं आणण्याआधी जुनं का गेलं ते विचारा. नाहीतर आपण फक्त पुढच्या बिघाडाची तारीख ठरवतो. मामांच्या पंपाला शेवटी तीन पातळ पत्रे लागले आणि दीड तास. संध्याकाळी उसाला पाणी सुरू झालं.